मैफल सकाळी अकराला ठेवा

युवक महोत्सव आणि स्नेहसंमेलनांचा हंगाम जवळ आला की मराठवाड्यातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत एक वाद ठरल्यासारखा रंगतो. एक बाजू म्हणते, मुंबईचा नावाजलेला गायक आणा, लाइव्ह कॉन्सर्ट करा, पोरांना हेच हवे आहे. दुसरी म्हणते, विद्यापीठ म्हणजे मंगल कार्यालय नव्हे, हा धांगडधिंगा बंद करा आणि शास्त्रीय संगीत ठेवा. मग तिसरा कोणी उठतो आणि विचारतो, शेतात काही उरले नाही आणि तुम्हाला गाणी सुचतात कशी? तिघेही तावातावाने बोलतात आणि तिघांचीही नजर कार्यक्रमपत्रिकेवर असते, घड्याळाकडे कोणी पाहत नाही. विद्यापीठातले संगीत सत्कारणी लागले की वाया गेले हे रागदारी की रिमिक्स यावरून ठरत नाही, असे माझे मत आहे. ते किती वाजता होते, केवढ्या जागेत होते, वर्षातून किती वेळा होते आणि ऐकायला कोण येऊ शकते, यावरून ठरते. म्हणून वर्षातली एक भव्य रात्र सोडून द्यावी आणि दर महिन्याला, भर दिवसा, दीडशे-दोनशे माणसांच्या सभागृहात, मुख्यतः इथल्याच कलावंतांची मैफल ठेवावी.

घड्याळापासूनच सुरुवात करू. पत्रिकेवर सायंकाळी सात छापलेले असते. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, प्रास्ताविक, प्रमुख पाहुण्यांचे मनोगत असे करत पहिला सूर लागतो साडेआठला. तोपर्यंत फुलंब्री, गंगापूर, बदनापूरहून किंवा नांदेडकडे लोहा, अर्धापूर, मुदखेडहून एसटीच्या पासवर ये-जा करणारा विद्यार्थी घरी जेवून झोपायच्या बेतात असतो. मुलींच्या वसतिगृहाचे दार ठरलेल्या वेळेला बंद होते. ज्यांचे घर गावात आहे त्यांना घरून विचारणा होते, रात्री कोणाबरोबर येणार? मग या रात्रीच्या मैफलीला उरते कोण? शहरात खोली करून राहणारी मुले आणि विद्यापीठाशी काडीचा संबंध नसलेले, गाण्याचा आवाज ऐकून आलेले शहरातले लोक. जिच्या शुल्कातून हा खर्च होतो ती विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी मोबाइलवर तुकडे पाहते. ‘पोरांना हेच हवे आहे’ म्हणणाऱ्यांनी एकदा पोरांत पोरी धरल्या आहेत की नाहीत ते सांगावे.

आता रागदारीवाल्यांकडे वळू, कारण त्यांचाही हिशेब अर्धाच आहे. सायंकाळी सातनंतरच मैफल करायची म्हटली की श्रोत्याच्या वाट्याला काय येते? यमन, पूरिया कल्याण, बागेश्री, फार तर मालकंस. पुन्हा यमन. हिंदुस्थानी संगीतात रागांना वेळा नेमून दिल्या आहेत आणि बहुतेक गवई त्या पाळतात. परिणामी तोडी, देसी, जौनपुरी, सारंगाचे सगळे प्रकार, दुपारचे भीमपलास, पटदीप आणि मुलतानी हा एवढा मोठा ऐवज रात्रीच्या व्यासपीठावर येतच नाही. सकाळी अकराला तोडीने किंवा जौनपुरीने सुरू होऊन बाराच्या पुढे शुद्ध सारंगावर जाणारी मैफल विद्यापीठाला सहज करता येते. शहरातल्या कोणत्याही मंडळाला ती परवडत नाही, कारण त्यांचा श्रोता तेव्हा कामावर असतो. विद्यापीठाचा श्रोता मात्र तेव्हा आवारातच, कँटीनबाहेर उभा असतो. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासूनचा. पूर्वी तो रात्ररात्र चालायचा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम आल्यावर त्याला दुपारी सुरुवात करावी लागली. तेव्हा परंपरा बुडाली म्हणून हळहळणारे होते. पण ज्यांना भर दुपारी त्या वेळेचे राग समोर बसून ऐकायला मिळाले त्यांचे काही बिघडले नाही. आणि दिवसाचे गाणे मराठवाड्याला नवे आहे काय? नांदेडच्या हजूर साहिबमध्ये पहाटे ‘आसा दी वार’ हे कीर्तन होते, गुरू ग्रंथ साहिबातली बहुतेक रचना रागवार लावलेली आहे, आणि त्यात आपल्या नामदेवांची 61 पदे आहेत. गावोगावचा काकडा तर अंधारातच सुरू होतो. गोंधळ आणि जागरण मात्र रात्रीचेच, हे मान्य. ते दिवसा घातले तर त्यांचा विधी बाजूला पडतो आणि नुसता कार्यक्रम उरतो. अशा प्रकारांना वर्षातून एक रात्र राखून ठेवायला माझी हरकत नाही. फक्त त्या रात्री वसतिगृहापर्यंत आणि जवळच्या तालुक्यांपर्यंत गाड्या ठेवाव्या लागतील, आणि तो खर्च अंदाजपत्रकात मानधनाच्या वरच्या ओळीत लिहावा.

मोठ्या कॉन्सर्टच्या बाजूने एक म्हणणे खरोखर वजनदार आहे. जो मुलगा कधीच सभागृहात पाऊल ठेवत नाही तो त्या रात्री येतो. पहिल्यांदा मोठा स्टेज पाहतो, खरा वाद्यवृंद ऐकतो, आणि पाच हजार माणसांनी एकच ओळ एकदम म्हणण्यातला आनंद घेतो. तो आनंद खोटा नाही, त्याला नाक मुरडणे हा केवळ शिष्टपणा आहे. शास्त्रीय संगीताच्या आग्रहामागे पुष्कळदा ‘आमचे ते संगीत, तुमचा तो गोंगाट’ हा जुना रुबाब दडलेला असतो, हेही कबूल करायला हवे. 14 जानेवारीला, नामविस्तार दिनी, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावर जो समाज लोटतो तो विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याच्या 1978 च्या ठरावापासून 1994 पर्यंतचा सोळा वर्षांचा लढा आठवत येतो, आणि शाहिरी व भीमगीते बरोबर घेऊन येतो. त्यासाठी ना कोणी निमंत्रणपत्रिका छापलेली असते ना मानधन ठरवलेले. विद्यापीठाच्या दाराशी होणारे इतके जिवंत गाणे आत, संगीत विभागाच्या वर्गात कितपत पोचते, हा प्रश्न रागदारीवाल्यांनी स्वतःला विचारावा. म्हणून मी म्हणतो त्या मासिक मैफलीत तोडीच्या पुढच्या महिन्यात जलसा असेल, त्याच्या पुढे भारूड, मग गझल-कव्वाली. सभागृह आणि वेळ तीच.

पण गर्दीचा आनंद मान्य केला की गर्दीचे गणितही मान्य करावे लागते. 25 नोव्हेंबर 2023 ला कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात संगीत कार्यक्रम सुरू होण्याच्या तोंडावर पाऊस आला, बाहेर थांबलेले लोक खुल्या प्रेक्षागृहाच्या दाराकडे धावले, दाराच्या आत उतरत्या पायऱ्या होत्या, आणि चार जण चेंगरून गेले. गाणे अजून सुरूही झाले नव्हते. आपल्याकडचे युवक महोत्सव नेमके परतीच्या पावसाच्या दिवसांत असतात. सपाट वाटेवरून एक मीटर रुंदीमागे मिनिटाला साधारण 80 माणसे बाहेर पडतात, पायऱ्या असतील तर 65 च्या आसपास. पाच हजारांचा जमाव आठ मिनिटांत मोकळा करायचा तर सपाटीवर जवळजवळ आठ मीटर रुंद वाट लागते. आपल्या किती मैदानांना आठ मीटरची फाटके आहेत? असते एक चार मीटरचे, त्याचीही एक झडप व्हीआयपी गाड्यांसाठी अडवलेली. दर चौरस मीटरला सहा-सात माणसांच्या पुढे गेले की माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, जमाव त्याला नेतो. मंचाच्या मजबुतीचे प्रमाणपत्र, विद्युत निरीक्षकाचा दाखला, अग्निशमन आणि पोलिसांचे ना हरकत, मुख्य आणि राखीव असे दोन जनरेटर, बॅरिकेड, रुग्णवाहिका, एवढे सगळे नीट सांभाळणारी यंत्रणा विद्यापीठाकडे नसते. ते काम दोन-तीन प्राध्यापक आणि बिल्ला लावलेले शंभर स्वयंसेवक यांच्या गळ्यात पडते, आणि त्या स्वयंसेवकांनाही गाणेच ऐकायचे असते.

आवाजाचेही तसेच. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शांतता क्षेत्रासाठी (शिक्षणसंस्थांचा परिसर असा घोषित होऊ शकतो) दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबल ही मर्यादा घातली आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून 15 दिवसांपर्यंत मध्यरात्रीची सवलत देण्याचा अधिकार राज्याकडे आहे, पण त्या 15 दिवसांवर गणपती आणि नवरात्रापासून सगळ्यांचाच डोळा असतो. मग साडेआठला सुरू झालेला गायक पावणेदहाला घड्याळ पाहू लागतो आणि ज्यासाठी गर्दी आली ती दोन गाणी उरकून टाकतो.

यावर कोणी म्हणेल, छोट्या सभागृहात तरी कुठे ऐकू येते? खरे आहे, आणि हीच गोष्ट कोणी मनावर घेत नाही. आपल्या महाविद्यालयांची सभागृहे भाषणासाठीसुद्धा वाईट आहेत. खाली कोटा किंवा गुळगुळीत टाइल, भिंतींना ऑइल पेंट, खिडक्यांना काचा, वर सपाट छत. मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा आणि ती विरेपर्यंत मोजा. 20 मीटर लांब, 12 मीटर रुंद, 5 मीटर उंच असे सभागृह धरले तर घनफळ 1200 घनमीटर. त्याला 0.161 ने गुणायचे आणि आतल्या वस्तू किती आवाज शोषतात त्या आकड्याने भागायचे, की आवाज विरायला लागणारे सेकंद मिळतात. रिकाम्या, उघड्या-बोडक्या सभागृहात शोषण जेमतेम पंचवीस-तीस, म्हणजे आवाज साडेसहा ते साडेसात सेकंद घोळत राहतो. तानेतला पहिला स्वर अजून भिंतीवर आपटतो आहे तोवर विसावा स्वर येऊन पोचतो. दीडशे माणसे बसली की तीच शोषणात साठ-सत्तरची भर घालतात आणि काळ दोन सेकंदांवर येतो. मागच्या भिंतीला आणि खिडक्यांना जाड कापडाचे, चुणीदार, एकूण ऐंशी चौरस मीटर पडदे लावले की तो दीड सेकंदाच्या आसपास उतरतो. खाली सतरंज्या आणि गाद्या घातल्या की आणखी थोडा. गाणे ऐकण्याजोगी जागा झाली. यात नवे बांधकाम काही नाही, शिंप्याचे काम आहे. एका रात्रीच्या एलईडी भिंतीच्या भाड्यात असे पडदे कायमचे होतात, आणि वर्षभर तिथे होणारी व्याख्यानेही ऐकू येऊ लागतात.

राहिला साउंडवाला. तो लग्न आणि मिरवणुकीत तयार झालेला असतो, त्याचा हात आपोआप बासकडे आणि इकोकडे जातो. गायकाला ‘भारी’ वाटावे म्हणून तो इको चढवतो आणि शब्दांचा चिखल होतो. त्याला आधीच सांगून ठेवावे: इको शून्य, गळ्याला एक माइक, पेटीला एक, तबला आणि डग्गा यांना मिळून एक किंवा दोन, तानपुऱ्याचा माइक फक्त मॉनिटरपुरता, म्हणजे कलावंताकडे तोंड केलेल्या स्पीकरपुरता. मॉनिटरमध्ये तानपुरा आणि गळा, बाकी काही नाही. दोन लहान खांबी स्पीकर पुरतात, तेही कानांच्या उंचीवर. वीस मिनिटे ध्वनिचाचणी, श्रोते आत यायच्या आधी. तबले मात्र दोन जोड हवेत, कारण मुलगा काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणार आणि मुलगी काळी चार-पाचमध्ये, एकच तबला तेवढा चढत-उतरत नाही. तो हातोडीने ठोकून चढवायचा प्रयत्न झाला की पुडी, म्हणजे तबल्याचे चामडे, जाते आणि साथीदाराचा मूड तिच्याबरोबर.

लोकवाद्यांचे हाल तर याहून वाईट. हलगी आणि दिमडी यांचे चामडे दमट हवेत ढिले पडते, म्हणून कलावंत ती शेकून घेतो. मैदानात दोन कागद पेटवले की काम झाले. महोत्सवाच्या सभागृहात विंगेत आग पेटवता येत नाही आणि स्पर्धेत मांडणीला जेमतेम पाच मिनिटे मिळतात. मग हलगी मंचावर जाते तीच ‘थड्’ अशी मेलेल्या आवाजात. परीक्षकाला वाटते पोराचा हात कच्चा आहे. आता पुष्कळांनी चामडे सोडून प्लॅस्टिकच्या पानाची हलगी धरली, तिला हवा लागत नाही, पण आवाज पत्र्यासारखा येतो. विंगेमागे एक विजेची शेगडी, शेजारी अग्निशामक आणि प्रवेशाआधी दहा मिनिटे, एवढे दिले तर खरी हलगी टिकेल. लोकसंगीताच्या जतनावर परिसंवाद भरवणाऱ्यांनी आधी ही शेगडी मंजूर करावी.

तिसऱ्या बाजूचा, म्हणजे दुष्काळाचा, आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी मैदानावर टँकरने पाणी शिंपडून धूळ बसवायची आणि वर रोषणाई करायची हे डोळ्यांत खुपणारच. पण दुष्काळ म्हणून सगळेच कार्यक्रम रद्द केले की कोणाचे नुकसान होते ते पाहा. मुंबईच्या गायकाची तारीख दुसरीकडे जाते, त्याचे काही अडत नाही. अडते ते तुळजापूरकडच्या संबळवाल्याचे आणि अंबाजोगाईच्या पखवाजियाचे. जत्रा आटलेल्या वर्षी त्यांच्या आधीच थोड्या असलेल्या सुपाऱ्या अजून घटतात. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावच्या शंकरबापूंना पखवाजासाठी 1986 मध्ये पद्मश्री मिळाली, तो वारसा त्याच भागात पुढे चालू आहे. बाहेरून आणणाऱ्यांना तो जवळ असून दिसत नाही. दुष्काळात रोजगार हमी चालते, मग कलावंताचेच काम का थांबावे? आणि जुन्या सभागृहात, सतरंजीवर, उन्हाच्या उजेडात होणाऱ्या मैफलीला पाणी लागते ते पिण्यापुरते.

इतिहासात हा वाद आपल्याच मातीवर कितीदा झाला आहे. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. तो पेशाने हिशेबनीस, म्हणजे वित्त विभागाचा माणूस, हे आजच्या वित्त अधिकाऱ्यांच्या कानावर घालण्यासारखे आहे. त्याने मार्गी, म्हणजे शास्त्रोक्त, संगीताबरोबर देशी, म्हणजे लोकांत रूढ, संगीतही तेवढ्याच काळजीने नोंदवले आणि उत्तम वृंदाची माणसे मोजून दिली: 4 मुख्य गायक, 8 साथगायक, 12 गायिका, 4 बासरीवादक, 4 मृदंगवादक. सगळे मिळून बत्तीस. भव्यतेची त्याची कल्पना तिथे थांबते. पुढच्या शतकात खुलताबादला आलेले चिश्ती सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब समा, म्हणजे सूफींचे भक्तिगायन, ऐकत, आणि गाणे धर्माला चालते की नाही यावर उलेमांचा आणि सूफींचा वाद तेव्हा पेटलेला होता. सूफी परंपरेने त्यावर दिलेले जुने उत्तर वादाची दिशाच बदलते: समाला तीन गोष्टी पाहाव्यात, वेळ, जागा आणि सोबतीची माणसे. या तीन जुळल्या नाहीत तर उत्तम गाणेही नको. सातशे वर्षांपूर्वी छत्रपती संभाजीनगरपासून पंचवीस किलोमीटरवर ज्यांना हे उमगले होते त्यांच्या शेजारी आपण अजून ‘बॉलीवूड की ख्याल’ करत बसलो आहोत.

पण दिवसा ठेवले तर तासिका बुडतील, हा प्राचार्यांचा आक्षेप. महिन्यातून एक दिवस, दोन तास. आणि नव्या शैक्षणिक धोरणात सह-अभ्यासक्रमाला श्रेयांक आहेतच, त्यात वर्षाच्या आठ मैफलींचे श्रवण आणि प्रत्येकीवर एक पान टिपण बसते. मुले येणार नाहीत, हा दुसरा आक्षेप. 1977 मध्ये दिल्लीच्या आयआयटीतून प्रा. किरण सेठ यांनी विद्यार्थ्यांपर्यंत शास्त्रीय संगीत नेणारी स्पिक मॅके चळवळ सुरू केली, तीही अभियांत्रिकीच्या मुलांसाठी आणि मुलांनाच हाताशी धरून. कलावंत आधी दहा मिनिटे वाद्य उघडून दाखवतो, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते ते टाळीने मोजून घेतो, मग वाजवतो. गाणे न कळणाऱ्याला भीती गाण्याची नसते, आपण चुकीच्या जागी टाळी वाजवू याची असते. ती पहिल्या दहा मिनिटांत घालवता येते. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या पलुस्करांवरही आक्षेप होता की वर्गात गवई घडत नाहीत. गवई थोडे घडले असतील, पण पुढच्या दोन पिढ्यांना समोर बसणारा जाणता श्रोता त्याच वर्गांनी पुरवला.

एक धोका मात्र खरा आहे. दर महिन्याचा कार्यक्रम म्हटला की तो तिसऱ्या महिन्यात ‘उरकायचा’ कार्यक्रम होतो. म्हणून तारखा जूनमध्येच शैक्षणिक वेळापत्रकात छापाव्यात, परीक्षेचे महिने वगळून आठ. निवड विद्यार्थी विकास मंडळ, संगीत विभाग आणि विद्यार्थी मिळून करतील. साथीदाराचे मानधन मुख्य कलावंताच्या मर्जीवर न सोडता वेगळे लिहावे आणि मैफलीच्या आठवड्यातच खात्यावर जमा करावे, कारण सहा-सहा महिने बिले अडकली की तबलजी पुढच्या वेळी फोन उचलत नाही. पहिल्या मैफलीला साठच मुले आली तर सभागृह मधोमध पडदा ओढून अर्धे करावे आणि त्यांना मंचाजवळ बसवावे. दीपप्रज्वलन, सत्कार आणि मनोगते मिळून पाच मिनिटे, घड्याळ लावून. सव्वाएकला मैफल संपते, दीडची बस मिळते.